कडकपणा कोणावर?

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत परिसंवाद झाला. विषय होता, ‘कर्मठ धर्मश्रद्धेमुळे हिंसा आणि गुन्हेगारी वाढते का?’ पहिल्या वक्त्यांनी क्रुसेड्स, इन्क्विझिशन, न्यूयॉर्कचे मनोरे, तालिबान अशी माळ ओवली. दुसरे उठले आणि त्यांनी स्टालिन, माओ, पोल पॉट अशी उलटी माळ ओवली. मग मढी मोजणं सुरू झालं, कुणाच्या खात्यावर किती कोटी. मधल्या रांगेतले एक निवृत्त फौजदार उभे राहिले आणि म्हणाले, “तीस वर्षांत मी जेवढे दरोडेखोर धरले, त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात कसला ना कसला ताईत होता.” हशा पिकला, आभारप्रदर्शन झालं, सगळे चहाला गेले. सबंध संध्याकाळीत कामाचं वाक्य तेवढं एकच होतं, आणि ते कुणी पुढे नेलं नाही.

या याद्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं. ‘कडक धर्म’ हा एकच पदार्थ आहे, तो कमी-जास्त प्रमाणात माणसात असतो, आणि त्या प्रमाणात हिंसा वाढते किंवा घटते, असं दोघंही धरून चालतात. मला हेच पटत नाही. एखादा माणूस धर्म किती कडक पाळतो यावरून तो किती हिंसक निघेल याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. अंदाज बांधायचाच असेल तर विचारावं लागतं की तो कडकपणा चालतो कोणावर? स्वतःच्या जिभेवर, पोटावर, झोपेवर, की दुसऱ्याच्या देहावर? आणि दुसऱ्यावर चालत असेल, तर त्याला ती मुभा दिली कोणी?

३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ घ्या. दिल्लीत बिर्ला हाउसच्या आवारात दोन हिंदू समोरासमोर आले. त्यातला एक सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चुकू न देणारा, सोमवारी मौन पाळणारा, ब्रह्मचर्यापासून अस्वादापर्यंत व्रतांनी स्वतःला बांधून घेतलेला, आणि त्या क्षणीही प्रार्थनेलाच निघालेला. दुसऱ्याने पुढे कोर्टात जे लांबलचक निवेदन केलं त्यात फाळणी आहे, पंचावन्न कोटी आहेत, आणि जातिभेद मोडण्यासाठी आपण सहभोजनांना बसत होतो असंही आहे. या दोघांत कर्मठ कोण? पिस्तूल कोणाच्या हातात होतं? ‘कर्मठपणातून हिंसा’ हे सूत्र या एका संध्याकाळीवर तपासून पाहिलं तर ते उलटं उभं राहतं.

हा अपवाद म्हणावा, तर त्याच्या आदल्या वर्षाची फाळणी बघा. धर्माच्या नावावर वेगळा देश मागणारे जिना सुटाबुटातले बॅरिस्टर. नमाज-रोज्यांसाठी त्यांची कधी ख्याती नव्हती. त्या मागणीच्या विरोधात कोण उभं होतं? मक्केत जन्मलेले, कुराणावर भाष्य लिहिणारे मौलाना आझाद, आणि सारं आयुष्य हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवण्यात घालवलेले देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी. आपल्याकडच्या बाजूला हिंदुत्वाची राजकीय मांडणी करणारे सावरकर गाईला उपयुक्त पशू म्हणत आणि कर्मकांडाची टिंगल करत. ज्यांना देवाशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समूहाशी फार देणंघेणं होतं. भक्ती आणि अस्मिता या दोन वेगळ्या विहिरी आहेत. पाणी सारखं दिसतं म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पॅलेस्टिनी लोकांच्या जनमत पाहण्यांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणूस किती वेळा प्रार्थना करतो याचा आत्मघाती हल्ल्यांना पाठिंबा देण्याशी संबंध सापडला नाही, तो मशिदीत किती वेळा जातो याचा मात्र सापडला. म्हणजे एकट्याने देवापुढे बसणं वेगळं आणि जमावात बसणं वेगळं. यात मशिदीचं विशेष काही नाही. आपल्या कुठल्याही मंडपात जाऊन बसा.

इथपर्यंत आलं की श्रद्धाळू मंडळी खूश होतात, “आम्ही हेच तर म्हणत होतो, धर्म निर्दोष आहे.” पण समोरच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा अजून यायचाच आहे, आणि तो त्या संध्याकाळच्या पहिल्या वक्त्यांना सुचला नाही याचं मला नवल वाटलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने घाबरून रद्द केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मांडला आहे. हिंदू माणूस जात पाळतो ते तो क्रूर किंवा डोकं फिरलेला असतो म्हणून नव्हे. तो मनापासून धार्मिक असतो म्हणून पाळतो. दोष पाळणाऱ्याचा नसून त्याला हे शिकवणाऱ्या धर्माचा आहे. याला उत्तर काय? अस्मिता नाही, जमाव नाही, राजकारण नाही. एक भला माणूस, आपल्या देवघरात, पूर्ण प्रामाणिकपणे दुसऱ्याला माणूस मानत नाही.

हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझी आजी कमालीची कडक होती. पहाटे चारला विहिरीवर अंघोळ, ओलेत्याने देवघर, एकादशीला दिवसभर निरंकार. त्या कडकपणाचं कौतुक ऐकत मी मोठी झाले. बाराव्या वर्षी मला पहिल्यांदा बाहेर बसवलं तेव्हा तो कडकपणा माझ्या अंगाला लागला. जिन्याखाली घोंगडीचा तुकडा, निराळा तांब्या, हात लांब करून वरून सोडलेली पोळी. सुगीत धान्य पाखडायला गावकुसाबाहेरून एक बाई यायची. आजी तिला ओंजळीत पाणी घालायची, तांब्या ओंजळीपासून वीतभर उंच धरून. त्या बाईला हिवताप आला तेव्हा आजीने चार दिवस पेज पाठवली, पाचव्या दिवशी स्वतः चौकशीला गेली आणि येताना आडावर अंघोळ करून घरात शिरली. तिच्यात दुष्टपणा शोधून सापडला नसता. ती वीतभर उंची मात्र शेवटपर्यंत कमी झाली नाही.

तेव्हा ‘स्वतःपुरता कडकपणा निरुपद्रवी’ असं म्हणून मला सुटता येत नाही. सोवळं ही गोष्ट मुळातच स्वतःपुरती राहू शकत नाही, कारण ते पाळायला ओवळा माणूस लागतो. अशा कडकपणाचं ओझं कायम दुसऱ्याच्या पाठीवर असतं, आणि तो दुसरा वाकायचं थांबला की लगेच काठी निघते. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्यावर जेवणाच्या पंगतीत शिरून लोकांना झोडपलं गेलं, ते काही गुंडांच्या टोळीने नव्हे. आता हे वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी आवई उठल्यावर गाव धावून आलं.

पण बाबासाहेबांचा मुद्दा तिथेच सोडून चालत नाही, ते स्वतः तिथे थांबले नव्हते. धर्मानेच माणूस बिघडतो असं त्यांचं अंतिम मत असतं, तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंना निधर्मी व्हायला सांगितलं असतं. त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, व्यभिचार करणार नाही, दारू पिणार नाही अशा प्रतिज्ञा आहेत. सैल नव्हेत, चांगल्या कडक आहेत. या देशात धर्माची सर्वांत कठोर चिकित्सा करणाऱ्या माणसाने शेवटी लोकांच्या हाती दिला तो कडकपणाच. त्याचा रोख फक्त फिरवला. कुणाला शिवू नये याची यादी गेली आणि मी काय करू नये याची यादी आली. कडकपणा हा एकच पदार्थ असता तर हे कसं जमलं असतं?

दुसरा जड मुद्दा ईश्वरनिंदेचा. जानेवारी २०११ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने इस्लामाबादेत गोळ्या घातल्या. का? ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली फाशी सुनावलेल्या एका ख्रिस्ती बाईची त्यांनी बाजू घेतली होती म्हणून. मारेकऱ्याची श्रद्धा खोटी होती असं कोण म्हणेल? तो तर बरेलवी, दर्गे आणि कव्वाली मानणाऱ्या पंथातला, ज्याला आपण एरवी मवाळ म्हणतो. इथे कारण श्रद्धेतच आहे, हे मान्य केलं पाहिजे. माझी नजर मात्र जाते ती दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्राकडे. कोर्टाबाहेर काळे कोट घातलेले वकील त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळताहेत. लहानपणापासून अमुक एक बोलणाऱ्याचा जीव घेणं पुण्याचं असतं असं ऐकणारी माणसं लाखो असतात. त्यातला एखादाच बंदूक उचलतो. त्याला ठाऊक असतं की पाकळ्या तयार आहेत.

आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारलं. पावणेअकरा वर्षांनी, मे २०२४ मध्ये, गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. मधल्या काळात कोल्हापुरात गोविंद पानसरे, धारवाडला कलबुर्गी, बंगळुरात गौरी लंकेश. तपास एवढा रेंगाळतो तेव्हा समाजाला काय ऐकू येतं? मारणाऱ्यांच्या मनात कुठला श्लोक होता यापेक्षा पहिल्या खुनानंतर तिघांना मारण्याइतका अवकाश कसा मिळाला, हा प्रश्न मला जास्त टोचतो. श्लोकाला अटक करता येत नाही, पण तो अवकाश बंद करता येतो.

गोव्याचं उदाहरण तर या प्रश्नासाठी प्रयोगशाळेत बनवल्यासारखं आहे. १५६० मध्ये पोर्तुगीज राजवटीत तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. त्याचा मुख्य रोख बाटवलेल्या लोकांवर होता, घरात गुपचूप जुनं काही पाळतात का यावर. १७३६ च्या फर्मानात काय काय बंद केलं बघा: दारात तुळस लावणं, लग्नात हळद लावणं, आणि हिंदूंसारखा भात बिनमिठाचा शिजवून मीठ मागाहून घेणं. मिठाचा खडा पातेल्यात कधी पडतो यावर धर्मखात्याची नजर! हे सगळं करणारे लोभी किंवा पाखंडी होते असं समजणं सोपं आहे. त्यातल्या कित्येकांची खरोखर समजूत होती की आपण या जीवांना नरकातून वाचवतो आहोत. दुसऱ्याच्या आत्म्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं एकदा वाटलं, की त्याच्या देहाची दया येईनाशी होते. पण आता पुढचं पाहा. मृत्युदंड झालेल्याला धर्मखातं स्वतः जाळत नसे. त्याला सरकारच्या हवाली केलं जाई आणि चिता सरकार पेटवी. इन्क्विझिशन गेलं तेव्हा गोव्यातला ख्रिस्ती धर्म काही पातळ झाला नाही. तोच क्रूस, तीच कबुली, लेंटचे तेच चाळीस दिवसांचे उपास. आजही म्हापसा-मडगावकडच्या म्हाताऱ्या रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, आणि शेजारच्या घरात भात कसा शिजतो याचं त्यांना काही पडलेलं नसतं. श्रद्धा होती तिथेच आहे. सरकारचा हात तेवढा तिच्या मागून निघून गेला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण ‘धर्माचा धाक असला की गुन्हे होत नाहीत’ हा दावाही तितकाच पोकळ आहे. फौजदारांचे ताईत आठवा. सत्तरच्या दशकात मुंबईत हातभट्टीच्या दारूवर राज्य करणाऱ्या वरदराजन मुदलियारचा माटुंगा स्टेशनबाहेरचा गणपती शहरात गाजत असे, आणि आरास पाहायला भलीभली माणसं रांग लावत. नवस बोलणं, हुंडीत नोटांची पुडकी सोडणं ही कित्येकांसाठी व्यवहाराची भाषा असते. देवालाही हप्ता. आणि हे काही आजचं नाही. १७९१ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्तीही सोडली नाही. पटवर्धन घराण्याची देवधर्मनिष्ठा कुणाला सांगायला नको. मठाच्या पुनःस्थापनेला पैसे पाठवले ते टिपूने. श्रद्धेचा धाक तिथे कुठे गेला होता? आणि १९९४ मध्ये रवांडात मारणारे आणि मरणारे दोघंही बहुतांशी एकाच चर्चमध्ये जाणारे होते. शंभर दिवसांत काही लाख माणसं कापली गेली, त्यातली हजारो आसऱ्याला म्हणून चर्चमध्येच शिरली होती. धर्माने ती हिंसा लावली नाही हे खरं, पण तो तिच्या आड आला नाही हेही तितकंच खरं.

मग धर्माचा कडकपणा हिंसेच्या आड कधीच येत नाही का? येतो, आणि जेव्हा येतो तेव्हा सैल श्रद्धा कामाची नसते. खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पाच वेळा नमाज पढणारे, वैर पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे पठाण. बंदूक ज्यांच्या घरात पाळण्याइतकीच सहज. त्यांनी अल्लाची शपथ घेऊन सूड आणि शस्त्र सोडलं. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात ब्रिटिश फौजेच्या गोळ्या चालल्या तेव्हा माणसं पडत गेली आणि मागची माणसं पुढे येत गेली. धर्माला फार गंभीरपणे न घेणारा माणूस हे करू शकेल? दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शांबों या डोंगराळ गावाने नाझींच्या तावडीतून हजारो ज्यूंना लपवून वाचवलं. ते गाव बायबलवर निष्ठा असलेल्या कडक प्रोटेस्टंटांचं, ज्यांचे पूर्वज श्रद्धेपायी छळले गेले होते.

त्या पेशावरच्या बाजारात आणखी एक गोष्ट घडली. गोळी चालवायचा हुकूम झाल्यावर त्याच फौजेतल्या चंद्रसिंह गढवालीच्या तुकडीने बंदुका खाली केल्या. मला त्याच्याशी आपल्याकडची १८९० ची एक गोष्ट जोडून ठेवावीशी वाटते. नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी जाहीर केलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. केशवपनाची आज्ञा देणारी पोथी तशीच होती, सासरा तितकाच कडक होता, वस्तरा धरणारा हातच तेवढा मागे झाला. दुसऱ्यावर चालवायच्या कडकपणाला नेहमी तिसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. पोथीवर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्यांना हा हात क्वचितच दिसतो.

आपल्या कायद्यांना मात्र तो दिसलेला आहे. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा येणार म्हणताच ओरड झाली की आता वारी बंद होणार, सत्यनारायणावर बंदी येणार. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना हात लावणार नाही असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. भूत उतरवायला दोरीने बांधून मारणं, पैशांच्या लोभाने किंवा गुप्तधनासाठी दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं, असल्या गोष्टींनाच तो शिवतो. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदाही तसाच. तुम्ही स्वतः कुणाकडे जेवावं हे तो सांगत नाही, मात्र एखाद्या घराचं दळण, पाणी आणि मयताचे खांदेकरी पंचांच्या हुकमाने तोडाल तर तो गुन्हा. माणसं धर्म किती कडक पाळतात याचं माप काढायच्या भानगडीत हे दोन्ही कायदे पडलेले नाहीत. परिसंवादातल्या दोन्ही वक्त्यांनी ते चाळले असते तरी निम्मी संध्याकाळ वाचली असती.

माझ्या आजीचा वाडा फेब्रुवारी १९४८ मध्ये जळला. गांधीजींच्या खुनानंतर सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटली, त्यात आमचंही एक. बाहेरगावाहून ट्रकमधून माणसं आली, पण घर दाखवायला गावातलेच होते. आधी माडीवरची कर्जखतांची पेटी अंगणात आणून जाळली, मग वाडा. पोलीस तिसऱ्या दिवशी आले. आजी आणि तीन मुलं दोन रात्री एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीमागे होती. त्याच्या घरचं दूध ती तेव्हा प्याली, सोवळंओवळं न बघता. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. रॉकेलचा डबा ज्याने वाड्यात नेला त्याच्याही गळ्यात होती. दोघे एकाच दिंडीत चालायचे. हे तिने मला फार उशिरा, अंथरुणाला खिळल्यावर सांगितलं. डबा नेणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, “तो आता दर वर्षी वारीहून आला की मला बुक्का आणून देतो. मी घेते.” त्यापुढे नाव काढलं नाही. आषाढीनंतर आमच्या ओसरीवर पाच-सहा जण तरी पंढरपूरचा बुक्का आणि लाह्या घेऊन यायचे. आजी प्रत्येकाला वाकून नमस्कार करायची. मी चहाचे कप पुढे करायचे आणि त्यांच्या हातांकडे बघत राहायचे.